लाल गोळी खाली

आमच्या घरात शिवणं बायकोकडे आणि उसवणं माझ्याकडे. ही वाटणी आम्ही बसून, चर्चा करून केलेली नाही. लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त होऊन मी चौलला घरी येऊन बसलो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका दुपारी मशीनची टकटक एकदम थांबली. आतून "अगं बाई!" ऐकू आलं. मग थोडी शांतता. मग एक जांभळा ब्लाउज माझ्या मांडीवर येऊन पडला.

"दोन्ही बाह्या डाव्या लागल्यात. तुम्ही बसलेलेच आहात, तर एवढ्या उसवून द्या."

ब्लाउजपाठोपाठ बोटभर लांबीचं एक निळं हत्यार आलं. त्यातलं 'बसलेलेच आहात' हे मला लागलं, पण कामाची धास्ती वाटली नाही. 34 वर्षं मी दुसऱ्यांनी नीट शिवून बंद केलेल्या फायली उसवण्याचाच पगार घेतला होता. कुठल्या व्हाउचरला कुठली पावती चुकीची जोडली आहे हे मला लांबून वास आल्यासारखं कळायचं. दोन डाव्या बाह्या म्हणजे तर उघड उघड दुबार देयक. मी चष्मा पुसला आणि कामाला लागलो.

दहा मिनिटांत पहिली बाही सुटली. तिच्याबरोबर मुंढ्याचं चार बोटं कापडही सुटलं. ही ते हातात घेऊन उजेडाकडे धरून बघत राहिली आणि काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही तेव्हा काय करायचं, हे आमच्या खात्याच्या कुठल्याच नियमपुस्तकात दिलेलं नाही.

हत्यार दिसायला अगदी गरीब. प्लास्टिकची मूठ, वर टोपण, आणि आत पोलादी बेचकं. बेचक्याचा एक दात लांब आणि सुईसारखा अणकुचीदार. दुसरा आखूड, आणि त्याच्या टोकावर मोहरीपेक्षा जरा मोठी अशी लाल गोळी. खरी धार या दोन्ही दातांना नाहीच. ती दोन दात जिथे मिळतात त्या खोबणीत, आत दडलेली. पण हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. अणकुचीदार टोक दिसलं की माणूस खुपसतोच. मीही खुपसलं.

या वस्तूला मराठीत नाव नाही, हे मला आधी खरंच वाटेना. शिवणे आणि उसवणे हे दोन्ही शब्द एकाच 'सिव्' धातूच्या घरातले, म्हणजे क्रिया आपल्याकडे पहिल्यापासून आहे. सुई आहे, कात्री आहे, टाचणी आहे, बोटात घालायचं टोपणसुद्धा आहे. उसवायच्या हत्याराला मात्र बारसं नाही. अलिबागच्या बाजारात ते 'ओपनर' म्हणून मागायचं. पण शनिवार-रविवारी नुसतं ओपनर म्हटलं की दुकानदार आधी आपल्याकडे, मग आपल्या पिशवीकडे बघतो, कारण त्या दोन दिवसांत अलिबागेत दुसऱ्या जातीचे ओपनर जास्त खपतात. म्हणून 'मशीनचं ओपनर' असं पूर्ण म्हणावं. माझ्यासारख्या वयाच्या माणसाने तर म्हणावंच.

नाव नसण्याचं कारण मला पुढे सापडलं. आमच्या आईकडे हे हत्यार नव्हतं. तिच्याकडे अर्धं ब्लेड होतं. त्या काळी ब्लेडलाही चार आश्रम असत. पहिल्या आश्रमात ते वडिलांच्या गालावरून फिरायचं. गाल कुरकुरायला लागले की त्याचे मधोमध दोन तुकडे व्हायचे आणि एक तुकडा आईच्या मशीनच्या डब्यात, कागदात गुंडाळून, उसवायच्या कामाला लागायचा. तिथूनही धार उतरली की आमच्या पेन्सिली. आणि अगदी शेवटी आजोबांच्या पायाचं कुरूप. एका ब्लेडमध्ये तीन पिढ्यांची सोय व्हायची, मग निराळं हत्यार आणि त्याला निराळं नाव कोण ठेवणार? आईच्या उजव्या अंगठ्यावर बारीक आडव्या रेघा होत्या. ती ब्लेडने उसवायची तेव्हा आम्हाला शेजारून जायला, शिंकायला आणि "आई, भूक लागली" म्हणायला बंदी असे.

संत नामदेव शिंप्याच्या घरचे. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत आणि त्यांतल्या एकात गज, कात्री, सुई, दोरा अशी दुकानातली सगळी हत्यारं येऊन जातात. उसवायचं हत्यार त्यातही नाही. देवाशी एकदा जोडलं की उसवायचं कशाला, असं भाविक म्हणतील. माझ्या ऑडिटरी मनाला मात्र वेगळाच संशय येतो. आपली शिवण चुकते आणि उसवावी लागते, हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही, हा त्या धंद्याचा पहिला नियम असावा.

तसं बघितलं तर आमच्या किनाऱ्याला एके काळी या हत्याराची गरजही नव्हती. 1469 च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. शेजारच्या रेवदंड्यात आता त्याचं स्मारक आहे. हिंदुस्थानची पहिली नोंद त्याने आमच्या गावाबद्दल केली, आणि ती काय केली? तर इथले लोक उघडेच हिंडतात, डोकं उघडं, छाती उघडी. राजालासुद्धा डोक्याला एक फडकं आणि कमरेला एक. वाचून आधी जरा ओशाळल्यासारखं झालं. मग त्या फडक्यांचा हिशेब केला. चौल तर कापडासाठी नावाजलेलं बंदर. म्हणजे कापड होतं. त्याला शिवण नव्हती. धोतर घ्या, साडी घ्या, उपरणं घ्या, जे आहे ते गुंडाळायचं, खोचायचं, संध्याकाळी सोडून ठेवायचं. बाही डावी की उजवी हा प्रश्नच उद्भवत नाही. आणि माणूस जाड झाला तर एक वेढा कमी घ्यायचा.

मग पोर्तुगीज आले. रेवदंड्याच्या कोटात ते 1740 पर्यंत ठाण मांडून होते. जाताना कोट ठेवून गेले आणि भाषेत काज, फीत आणि इस्त्री ठेवून गेले. हे तिन्ही शब्द त्यांच्याकडून आलेले. म्हणजे कापडाला भोक पाडायचं कसं, त्यावर नक्षी लावायची कशी आणि ते कडक करायचं कसं, एवढं सगळं शिकवलं. चुकलं तर सोडवायचं कसं, हे न सांगताच गलबतं हाकारली.

तर प्रश्न लाल गोळीचा. ती कशासाठी आहे, याने मला पहिल्या दिवसापासून छळलं. कारणाशिवाय केलेला खर्च आमच्या खात्यात पास होत नाही. एवढ्याशा वस्तूवर कारखानदाराने निराळी लाल गोळी बसवली आहे म्हणजे त्यामागे मंजूर झालेलं काही प्रयोजन असणार. मी घरोघर चौकशी केली. ही म्हणाली, "शोभेला." पुण्याची मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, टोचू नये म्हणून." पण मग टोचतो तो दात उघडा ठेवून न टोचणाऱ्या दातावर गोळी का? शेजारच्या निवृत्त कंडक्टरांनी सांगितलं की लाल म्हणजे थांबा. त्या बाजूने जायचं नाही. ते मला पटलं. मी गोळी आकाशाकडे आणि अणकुचीदार टोक कापडात, अशा पवित्र्याने पुढची दोन वर्षं काढली. घरातल्या पायपुसण्यांची संख्या त्या दोन वर्षांत बरीच वाढली.

एकदा मुंबईला गेलो असताना मांडव्याच्या बोटीला वेळ होता म्हणून शिवणाचं सामान विकणाऱ्या एका ठोक दुकानात शिरलो. तिथे भिंतभर ओपनर टांगलेले होते. म्हटलं, याला माहीत नसेल तर कुणाला? विचारलं, "भाईसाब, ये लाल गोली किसलिए है?"

त्याने माझ्याकडे वर न बघताच विचारलं, "अलिबाग से आया है क्या?"

आता याला काय उत्तर द्यायचं? अलिबागहूनच आलो होतो. समोरच्याला बावळट ठरवणाऱ्या या वाक्याविरुद्ध आमच्याकडचा एक गृहस्थ 2019 मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयाने याचिका फेटाळली आणि असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका असं सांगितलं. मी मनाला न लावता दोन ओपनर घेतले. दोन्हीवर लाल गोळ्या होत्या.

उत्तर शेवटी घराजवळच निघालं. रेवदंड्याच्या बाजारात एक जुने शिंपी बसतात, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. हिच्या ब्लाउजला माझ्या हातून पडलेलं तिसरं भोक घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी भोक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब, कुठल्या खात्यात होतात?"

सांगितलं.

"तरीच. तुम्ही उसवत नाही, तुम्ही झडती घेताय."

मग त्यांनी गळ्यातली टेप सारखी केली आणि मला समोरच्या स्टुलावर बसवलं. "टाका म्हणजे काय, ते आधी सांगा." मला सांगता येईना. 60 वर्षं शिवलेले कपडे घातले, पण आत काय चाललंय याची चौकशी कधी केली नव्हती. मास्तरांनी सांगितलं. मशीनच्या शिवणीत दोरे दोन. वरचा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून. दोघं कापडाच्या पोटात एकमेकांना वेढा मारतात आणि आपापल्या बाजूला परततात. कुणीच पलीकडे जात नाही. "म्हणजे प्रत्येक टाका तोडायचं कारणच नाही. एकाचे हात सुटले की दुसरा आपण होऊन येतो."

त्यांनी मुंढ्याची शिवण उलट्या बाजूने बोटांवर ताणून धरली. लांब दात अलगद एका टाक्याखाली घातला, जरासा पुढे रेटला. टाका घसरत बेचक्याच्या खोबणीत गेला आणि टुक् करून तुटला. मग चार टाके सोडले, पाचव्याखाली दात. टुक्. असे दहा-बारा टुक् झाले. कापड उलटवलं, वरच्या दोऱ्याचं टोक नखाने उचललं आणि ओढलं. अख्खा दोरा शेवयासारखा एकसंध बाहेर आला आणि बाही गळून मास्तरांच्या मांडीवर पडली. कापडाला कळलंसुद्धा नाही. खालच्या बाजूला दोऱ्याचे बारीक तुकडे राहिले होते. त्यावर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलला, सगळे तुकडे त्याच्याबरोबर गेले. मी ते तुकडे आजवर एकेक करून दातांनी उपटत होतो, हे मास्तरांना सांगितलं नाही.

"आणि ही गोळी?"

त्यांनी बाजूला पडलेली एक पँट ओढली. जाड कापड, लांब सरळ शिवण. शिवणीचं एक टोक दोन-तीन टाके तोडून मोकळं केलं आणि दोन्ही पदर दोन बाजूंना ओढून धरले. मग हत्यार फिरवलं. गोळी खाली, दोन पदरांच्या बेचक्यात, आणि टोकदार दात वर, मोकळ्या हवेत. नुसतं पुढे ढकललं. गोळी बोथट, ती कापडात शिरत नाही, कापडावरून घसरत जाते आणि आपल्यामागून धारेला वाट करून देते. टाके एकामागून एक खोबणीत येऊन पडत होते. मांडीपासून घोट्यापर्यंत पँट दहा सेकंदांत उघडली. "गोळी म्हणजे होडीचा तळ आहे साहेब. तुम्ही दोन वर्षं होडी उलटी वल्हवताय."

निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. ढकलायची पद्धत फक्त जाड आणि दमदार कापडाला; शिफॉन, रेशीम असलं काही असेल तर टाका उचलूनच, दुसरी वाट नाही. आणि रेशमावर, सॅटिनवर, रेक्झिनवर सुईची भोकं राहतातच, तिथे आधीच विचार करून शिवायचं. सुती असेल तर ओलसर फडकं ठेवून इस्त्री फिरवावी, नखाने आडवं-उभं घासावं, भोकं मिटतात. मग जरा थांबून म्हणाले, "आणि घरात काही वाजलं असेल तर त्या दिवशी पँट घ्या. ब्लाउज घेऊ नका."

काजाचं त्यांनी चालता चालता सांगितलं, पण ते मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलं. मशीनवर काज घातलं की मधली फट याच हत्याराने उघडायची. हात जोरात गेला की धार काजाच्या पलीकडच्या टोकाला पार करून जाते आणि शर्टाला बटणाऐवजी खिडकी होते. म्हणून त्या टोकाला आधी एक टाचणी आडवी टोचून ठेवायची. धार तिथे येऊन अडते. ही युक्ती मला आधी माहीत असती तर वाढदिवसाच्या एका फ्रॉकला मागे तीन खिडक्या राहिल्या नसत्या.

नवीन विद्या घेऊन मी ओटीवर बसायला लागलो. मासळी घेऊन येणारी मावशी, आग्रावची, रोज पाटी टेकवून दोन मिनिटं बघायची. पूर्वी एकदा तिनेच विचारलं होतं, "काका, उसवाचा हाय का फाराचा हाय?" आता ती नुसती हुं म्हणायची. एक दिवस म्हणाली, हे तर काहीच नाही, आमच्याकडे येऊन बघा.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, आणि पडवी-पडवीत नायलॉनची जाळी पसरलेली. मावशीचा नवरा पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून सांधायला बसला होता. भोक असेल वीतभर. त्याने सुरी घेतली आणि भोकाच्या कडेच्या चांगल्या गाठी कापायला सुरुवात केली. भोक दोन विती झालं. माझ्यातला ऑडिटर उठून बसला. म्हटलं, "अहो, सांधताय की वाढवताय?" त्याने शांतपणे एक लोंबतं टोक मला दाखवलं. तुटका, झिजलेला धागा ठेवला तर नवी गाठ मारायची कशावर? कड सरळ होईपर्यंत कापायचं, मग सांधायचं. कुठलं कापायचं आणि कुठलं ठेवायचं, यातच सगळा वेळ जातो. पुढे हात आपोआप चालतात. त्याच्याकडे सुरी होती, लाल गोळी नव्हती. पण पन्नास वर्षांत त्याचा एकही धागा चुकून कापला गेला नसावा असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

त्या पावसाळ्यात मी दिसेल ते उसवलं. गहू-तांदळाच्या पोत्याची शिवण ही यातली सर्वांत मजेची. ती साखळीची शिवण. प्रत्येक फास पुढच्या फासात अडकवलेला. योग्य टोकाला योग्य दोरा धरून ओढला तर सर्रर्र करून अख्ख्या पोत्याचं तोंड उघडतं आणि माणसाला उगीचच आपण कर्तबगार आहोत असं वाटतं. चुकीच्या टोकाने ओढला तर तीच शिवण गाठ होऊन बसते. आपण पहिल्यांदा नेमकं चुकीचंच टोक धरतो. मग दात, मग चाकू, मग ओटीवर तांदूळ.

इंटरलॉकची गोष्ट निराळी. कडेला तीन-चार दोऱ्यांची ती दाट वेटोळी दिसली की भल्याभल्यांचा धीर सुटतो. मी पहिल्यांदा त्यावर चाल केली तेव्हा एका गाउनच्या कडेवर दोन संध्याकाळी घालवल्या आणि चार बोटं प्रगती केली. इंटरलॉक म्हणजे आमचा मुरुडचा जंजिरा. बाहेरून कितीही भिडा, तट तसाच. जंजिऱ्यासाठी समुद्रात भराव घालण्यापर्यंत प्रयत्न झाले, तरी किल्ला उभा तो उभाच. आणि 1948 मध्ये तेच जंजिरा संस्थान भारतात सामील झालं, तटाचा एक चिरा न हलवता. इंटरलॉकचंही तसंच. कडेच्या वेटोळ्यांशी झुंजायचं नाही. त्यात सुईचा म्हणून एक सरळ दोरा असतो. तो हुडकायचा, थोड्या थोड्या अंतरावर तोडायचा आणि ओढून काढायचा. बाकीची वेटोळी आपोआप शरण येतात. हा शोध मला स्वतःला लागला आणि मी तो सांगायला मुद्दाम मास्तरांकडे गेलो. ते म्हणाले, "हो."

आमच्या बाजूला या हत्याराचा खरा शत्रू म्हणजे खारी हवा. पावसाळ्याच्या तोंडाला घेतलेला ओपनर गणपतीपर्यंत तांबूस पडतो. बाकी कुठे गंज चढला तर दिसतो तरी, पण खोबणीतला दिसत नाही. मग धार टाका कापायच्या ऐवजी ओढते, आपण जोर लावतो, आणि जोर लावला की हात सटकतो. हिच्या सगळ्या ब्लाउजांच्या भोकांची कारणमीमांसा केली तेव्हा निम्मा दोष माझा आणि निम्मा समुद्राचा निघाला. म्हणून मशीनचं तेल लावलेलं फडकं डब्यात ठेवायचं, आणि तरीही टाका कापताना टुक् आवाज यायचा थांबला की सरळ नवा घ्यायचा. एवढीशी ती वस्तू, पण आमच्याकडे माणसं तिला घरच्या अडकित्त्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या वापरायला जातात.

शिवाय तो हरवतो. निळ्या कापडावर निळा, लालवर लाल, तो ज्या रंगाचा असेल त्या रंगाच्या कापडात जाऊन पडतो आणि पायाला सापडतो. यासाठी मी एक चुंबक आणलं. चुंबकाच्या बाबतीत अलिबागचा मान मोठा आहे. मुंबईत ट्राम विजेवर धावायला लागणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय उपकरणं बिघडतील, म्हणून 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली. पृथ्वीच्या पोटातली चुंबकीय कुजबुज ऐकायला इथली शांतता बरी पडली. मी त्याच शास्त्राने सतरंजीवरून चुंबक फिरवतो. एकाच फेरीत ओपनर, अकरा टाचण्या आणि हिची तीन वर्षांपूर्वी हरवलेली बॉबिन केस निघाली. त्या केसवरून ती मोलकरणीवर संशय घेत होती. तो विषय आम्ही तिथेच मिटवला.

आता ज्याच्यासाठी हे सगळं पुराण लावलं, ती गोष्ट. मराठी शिंप्यांच्या भाषेत शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला 'माया' म्हणतात. पुढेमागे अंग भरलं तर उसवून मोकळं करता यावं म्हणून आत ठेवलेली माया. शब्द कुणी शोधला कोण जाणे, पण तो माणूस संसारी असणार. जुने शिंपी दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवायचे, आणि ब्लाउजच्या कुशीला एकाऐवजी तीन टिपा घालायचे, एकीच्या बाहेर एक, थोड्या थोड्या अंतरावर. आतली टीप लग्नाची. ती पहिल्या बाळंतपणानंतर उसवायची. मधली टीप मुलं शाळेत जायला लागली, आई घरी आणि उरलेल्या पोळ्या ताटलीत असं सुरू झालं की उसवायची. बाहेरची टीप शेवटची. तिच्यापलीकडे कापडाची कड. खोड कापलं की आतल्या वलयांवरून झाडाचं वय सांगतात, तसं कुठल्याही घरातला शालूवरचा ब्लाउज उलटा करून कुठल्या टिपेच्या जागी नुसती भोकं राहिली आहेत ते बघावं. मात्र बघितलं हे कुणाला सांगू नये. मी एकदा सांगितलं आणि मला पँट घ्यावी लागली.

तयार कपड्यांत माया नसते. आतून बघा, पाव इंचावर इंटरलॉक. कारखान्याचंही बरोबर आहे, लाख नगांवर अर्धा-अर्धा इंच वाचवला तर किती होतो हे ऑडिटरला सांगायला नको. पण कपडा घट्ट झाला की मग करायला काही राहत नाही. सरळ दुसरा घ्यायचा.

गेल्या वैशाखात नागावला हिच्या भाचीचं लग्न निघालं. हिने स्वतःच्या लग्नातला शालू काढला. शालू नेसता आला. साडीला काय, निकितिनच्या वेळेपासून एक वेढा कमी घेतला की भागतं. ब्लाउजाचे मात्र हूक आणि आकडे एकमेकांना ओळख देईनात. आमच्या लग्नाच्या वेळी हा ब्लाउज याच मास्तरांनी शिवला होता. हिने तो उलटा करून माझ्यापुढे ठेवला. आतली टीप केव्हाच गेलेली. मधली तेवढी उसवायची राहिलेली. "मधली काढा," ती म्हणाली, "आणि रेशीम आहे."

रेशीम आहे हे मला दिसत होतं. नवा ओपनर काढला. पंखा बंद केला. रेडिओ बंद केला. मावशी पाटी घेऊन दारात आली, तिला हातानेच थांबवलं. लांब दात टाक्याखाली, जरासा पुढे. टुक्. चार सोडून पाचवा. टुक्. दोन्ही कुशी मिळून अर्धा तास गेला. मग नखाने दोरा उचलला आणि तो एकसंध, अजिबात न अडखळता, बाहेर आला. आत दुमडलेलं कापड उलगडलं. त्याला इतक्या वर्षांत ऊन लागलं नव्हतं, घाम लागला नव्हता. बाहेरचा डाळिंबी रंग विटून गेलेला, आणि आतल्या पट्टीत तो दुकानातून आणला तसाच, ओला वाटावा इतका गडद. आम्ही दोघं जरा वेळ ते बघत राहिलो.

"घालून बघ," मी म्हटलं.

ती आत गेली. बाहेर आली. हूक आणि आकडे यांच्यामध्ये अजून दोन बोटं अंतर होतं.

"माया संपली," ती म्हणाली. माझ्या हातातल्या उघड्या हत्याराकडे तिचं लक्ष गेलं. "कापडातली म्हणत्ये."

मग तिने पंखा लावला आणि मशीनचा खण उघडला. शालूबरोबरच्या ब्लाउजपिसातला एक तुकडा तिने एवढी वर्षं एका डब्यात जपून ठेवला होता. त्यातून काखेत घालायच्या दोन कळ्या कापल्या. टाचण्या टोचल्या, चष्मा लावला, पायाने मशीनला गती दिली. टकटक सुरू झाली. मावशीने बोंबील तोलून दिले आणि सुट्टे पैसे मोजत ती तिथेच रेंगाळली. पहिली कळी बसली. दुसरी बसली. टकटक थांबली. हिने ब्लाउज उचलून उजेडाकडे धरला.

"अगं बाई," ती म्हणाली.

मी पंखा बंद करायला उठलो.